पाठपुराव्याचा पगार कोण देणार? पुण्यातल्या एका वस्ती मानसिक आरोग्य केंद्राचे प्रकरण

हे प्रकरण ज्या संस्थेचे आहे, तिथे मी खजिनदार म्हणून काम पाहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर ही जबाबदारी घेतली. संस्थेचे, वस्त्यांचे आणि माणसांचे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या पूर्ण आकड्यांत दिल्या आहेत. घटनांचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय, चुकलेले धरून, जसे होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

संस्था छोटी आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली, तीन वस्त्यांत काम. दोन वस्त्या येरवड्याच्या बाजूला आणि एक पर्वतीच्या पायथ्याशी. येरवड्यातल्या एका वस्तीतून प्रादेशिक मनोरुग्णालयाची भिंत चालत दहा मिनिटांवर आहे. ते रुग्णालय 1915 पासूनचे, मंजूर खाटा 2540. शंभर वर्षांहून जुने एवढे मोठे रुग्णालय शेजारी असूनही वस्तीतला माणूस तिथे पोहोचतो तो घरात मोडतोड झाल्यावर किंवा पोलिसांनी नेल्यावर. तिथून सुटून घरी आला, की महिना-दोन महिन्यांत गोळ्या थांबतात. भरती आणि पुन्हा भरती यांच्या मधल्या काळात त्याच्यासोबत कोणीतरी असावे, म्हणून हे काम सुरू झाले.

चार वस्ती कार्यकर्त्या होत्या, चौघीही वस्तीतच राहणाऱ्या. सगळे त्यांना ताईच म्हणतात. दोन समुपदेशक, एक मनोसामाजिक कार्यकर्ती, एक समन्वयक आणि आठवड्यातून एकदा येणारे मनोविकारतज्ज्ञ. नियमित पाठपुराव्यात 140 माणसे. त्यातल्या 46 जणांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे तीव्र आजार. बाकीच्यांमध्ये बहुतांश बायका: झोप नाही, जीव घाबरतो, अंग दुखते, घरात मारहाण. 'टेन्शन' या एका शब्दात त्या सगळे सांगतात.

ताईचे काम कागदावर मांडणे अवघड आहे. ती सकाळी एका घरात डोकावते, गोळीची पट्टी मोजते, आईशी बोलते. एका तरुणाच्या दारात ती सलग सात आठवडे नुसती बसून आली. आठव्या आठवड्यात तो तिच्याशी बोलला, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे आला. त्या तिमाहीच्या अहवालात या सगळ्याची नोंद 'नवीन लाभार्थी: 1' एवढीच झाली.

पैशाची घडी

वर्षाचा खर्च सुमारे 28 लाख. त्यातल्या दर 100 रुपयांमागे 80 रुपये पगार आणि मानधनाचे. उरलेल्या वीसात खोलीचे भाडे, औषधे, प्रवास आणि हिशेब तपासणी. प्रस्ताव वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने याच आकड्यावर बोट ठेवले आहे. 'पगारावर एवढा खर्च?' असा प्रश्न येतो. आमच्याकडे यंत्रे नाहीत, खाटा नाहीत, वाटायला वस्तू नाहीत. माणसाने माणसाकडे जाणे हीच सेवा आहे, आणि तिची किंमत पगार या नावानेच हिशेबात दिसते.

2020 पर्यंत आमचा मोठा आधार दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेचा होता. तिला परदेशी देणगी मिळायची आणि त्यातला एक वाटा आमच्याकडे यायचा. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी पुढे देण्यावर बंदी आली. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. आमच्यासाठी तो झरा एका महिन्यात आटला.

कोविडच्या काळात मानसिक आरोग्याबद्दल बोलले जाऊ लागले आणि एका कंपनीने 2021-22 पासून सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा, द्यायला सुरुवात केली. वर्षाला 20 लाख, करार दर वर्षी नवा. उरलेले दोन मार्ग म्हणजे एका खासगी न्यासाचे 3 लाख आणि किरकोळ देणग्यांचे 5 लाख. गंगाजळी साडेसहा लाखांची होती, म्हणजे तीन महिनेही पुरणार नाही इतकी.

सरकारी पैसा यात कुठे आहे, असे कोणीही विचारेल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 ने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला, आणि कलम 19 ने समाजात राहण्याचा. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी सुमारे 919 कोटी रुपये दाखवले होते. त्यातले 721 कोटी बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेला, 134 कोटी टेलि-मानस या दूरध्वनी सेवेला आणि 64 कोटी तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेला. बेरीज केली की 919 तिथेच पूर्ण होतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वेगळा येतो, आणि तो मुख्यतः सरकारी रुग्णालयांतल्या ओपीडी, तिथले कर्मचारी आणि औषधे यांच्याभोवती फिरतो. वस्तीतल्या दारात बसणाऱ्या ताईच्या पगाराला यात कुठेही रकाना नाही.

जानेवारीतला फोन

जानेवारी 2023 च्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या सीएसआर व्यवस्थापकांचा समन्वयकांना फोन आला. समितीने पुढच्या वर्षासाठी पर्यावरण आणि कौशल्यविकास हे विषय घेतले होते, त्यामुळे मार्चनंतर निधी नाही. बाई चांगल्या होत्या, त्यांनाही वाईट वाटत होते. कामाबद्दल तक्रार नव्हती. दहा आठवड्यांनी आमच्या उत्पन्नातला 70 टक्के भाग जाणार होता.

पहिला निर्णय आम्ही दोनच दिवसांत घेतला, आणि माझ्या मते तो सर्वांत चुकीचा होता. काही हाती लागेपर्यंत ताईंना सांगायचे नाही, असे आम्ही विश्वस्तांनी ठरवले. त्या घाबरतील, काम सोडतील, अशी भीती होती. मीही हात वर केला होता.

समोर काय काय होते

परदेशी देणगीसाठी स्वतःची नोंदणी करावी, हा विचार आधी झाला. संस्थेला तीन वर्षे पूर्ण हवीत आणि त्या तीन वर्षांत किमान 15 लाख खर्च हवा. या दोन्ही अटी आम्ही पूर्ण करत होतो. पण अर्ज, छाननी आणि त्यानंतर देणगीदार शोधणे यात मार्च, जून आणि कदाचित पुढचा मार्चही निघून गेला असता. अर्ज लांबणीवर टाकला.

लोकांकडून शुल्क घ्यावे, ही सूचना एका विश्वस्तांची. भेटीला 20 रुपये. त्यांचे म्हणणे होते की फुकटची किंमत नसते. याला माझा विरोध होता, पण अनुभव घेतल्याशिवाय नाही म्हणू नये म्हणून एप्रिलपासून सहा आठवडे करून पाहिले. पहिल्याच पंधरवड्यात ज्यांनी यायचे थांबवले, त्या होत्या नवऱ्याच्या हातून पैसे घ्यावे लागणाऱ्या बायका. 20 रुपये कशाला हवेत हे घरात सांगायचे म्हणजे केंद्रात जाते हे सांगायचे. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्याच आधी गळाल्या. शुल्क बंद करून दारात देणगीपेटी ठेवली.

तिसरा मार्ग सगळ्यांना सरकारी ओपीडीत जोडून देण्याचा. ससून या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, येरवड्याच्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, औषधे तिथे मोफत मिळतात. 'मग तुमची गरज काय?' असे एका संभाव्य देणगीदाराने सरळ विचारले होते. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला त्या वर्षभरात मिळाले.

चौथा मार्ग दुसऱ्या एका कंपनीच्या फाउंडेशनकडून चालून आला. 12 लाख रुपये, वर्षात 40 जनजागृती शिबिरे, 10,000 लाभार्थी, कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा स्वयंसेवक म्हणून सहभाग. पगार त्यांच्या धोरणात बसत नव्हते.

शिबिरांवरची बैठक

या बैठकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे प्रकरण इथेच वळले.

फेब्रुवारीतल्या रविवारी पाच विश्वस्त आणि समन्वयक एवढेच बसलो होतो. आमच्यातल्या ज्येष्ठ डॉक्टरांचे मत पैसे घ्यावेत असे. संस्था टिकली तर काम टिकेल, वर्षभर शिबिरे करू, तोवर दुसरे काही मिळेल. मोह मोठा होता. समन्वयक बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एका जुन्या शिबिराची वही काढली. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्या आठवड्यात सगळ्यांनाच शिबिर हवे असते. अशाच एका ऑक्टोबरमध्ये एका सोसायटीच्या सभागृहात 200 लोक आले होते. शेवटी प्रश्नावली भरून घेतली तेव्हा 31 जणांनी झोप, उदासी किंवा जगावेसे न वाटणे यांवर खूण केली. त्या 31 पैकी आपण पुढे किती जणांना भेटलो? चौघांना. वेळच नव्हता.

"डॉक्टर, खूण करायला आपण सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला वाटलं, आता कोणीतरी येईल. आपण गेलो नाही. असं वर्षातून चाळीस वेळा करायचं का?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. ठराव झाला तो असा: नाही म्हणायचे नाही, उलट प्रस्ताव द्यायचा. 40 ऐवजी 10 शिबिरे, तीही आमच्या वस्त्यांत आणि लगतच्या भागात. प्रत्येक शिबिरानंतर सहा महिने पाठपुरावा. मोजायचे ते आलेले लोक नव्हे, तर सहा महिन्यांनीही संपर्कात असलेले लोक. दोन ताई आणि एका समुपदेशकाचा पगार प्रकल्प खर्चात. मागणी 9 लाखांची, म्हणजे देऊ केल्यापेक्षा 3 लाख कमी.

फाउंडेशनचा पहिला आक्षेप अपेक्षित होता: प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांहून जास्त चालत नाही, कायदाच तसा आहे. इथे माझे बँकेतले दिवस कामी आले. कायद्याचा मजकूर काढून बसलो. 2021 मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. ताईचा पगार ही अंमलबजावणी आहे. याच नियमांत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालणारा 'चालू प्रकल्प' मंजूर करण्याची सोयही आहे, म्हणजे दर मार्चला करार संपवण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही.

मी हे दोन पानांत लिहून पाठवले. भांडणाचा सूर ठेवला नाही. त्यांच्या हिशेब विभागालाही हे नवीन होते. पहिला मुद्दा त्यांनी मान्य केला, दुसरा मानला नाही. जुलैमध्ये करार झाला, एका वर्षाचाच. पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये आला.

एप्रिल ते सप्टेंबर

हे पाच महिने गंगाजळीवर काढले. त्यासाठी तीन गोष्टी केल्या.

ताईंचे पगार पूर्ण ठेवले. समन्वयक, समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ती यांना 70 टक्के दिले, राहिलेले नंतर देऊ असा लेखी शब्द देऊन. ताईंचा पगार 14,000. त्यात कपात म्हणजे शाळेची फी किंवा भिशीचा हप्ता चुकणे. हा निर्णय आजही बरोबर वाटतो, पण त्याचीही किंमत मोजावी लागली. मनोसामाजिक कार्यकर्ती ऑगस्टमध्ये दुसऱ्या नोकरीवर गेली. तिलाही घर होते. 46 तीव्र आजारी माणसांची सर्वांत बारीक माहिती तिच्याकडे होती.

पर्वतीच्या पायथ्याची वस्ती बंद केली. तिथे ताई एकच होती. मार्चच्या शेवटी आम्ही सगळ्यांना सांगायला बसलो, त्याआधीच तिला कार्यालयातल्या कुजबुजीतून कळले होते आणि तिने एका खाणावळीत काम धरले होते. "मला जानेवारीत सांगितलं असतं, तर मी एकेका घराला सांगून निघाले असते," एवढेच ती म्हणाली. तिच्या वहीत 27 माणसे होती. आम्ही फोन केले, काहींना ससूनच्या ओपीडीचा पत्ता दिला. ताई ज्या घरी जात होती, तिथे आमचा फोन अनोळखी होता.

तिसरी गोष्ट लोकांकडे जाण्याची. 14,000 ला कामाच्या 26 दिवसांनी भागले की साधारण 540 येतात. 'एका ताईचा एक दिवस, 550 रुपये' असे एका पानाचे पत्रक केले. शिबिरांचे फोटो, आकडे काही नाही, फक्त ताई एका दिवसात काय करते ते तासागणिक. गणपतीत चार मंडळांनी मांडवात दहा मिनिटे बोलू दिले. आरती झाल्यावर लोक थांबत. एका मंडळाने देखाव्याच्या वर्गणीतून 15,000 दिले. पण खरा आधार मिळाला तो दर महिन्याला बँकेतून आपोआप 550 वळते करणाऱ्यांचा. त्यात बरेच जण असे निघाले, की ज्यांच्या घरात कोणीतरी आजारी होते. पावती देताना ते हळू आवाजात सांगत. देणगीवर मिळणारी आयकरातली 80जीची सवलत त्यातल्या बहुतेकांनी विचारलीही नाही.

सरकारी ओपीडीशी जोडताना

46 जणांची यादी घेऊन बसलो. दिवाळीपर्यंत 31 जणांची औषधे सरकारी ओपीडीतून सुरू झाली. औषधांचा खर्च लक्षणीय कमी झाला, कागदावर हे मोठे यश दिसले. मग ताईंच्या दैनंदिन्या पाहिल्या. आठवड्यातले दोन दिवस रांगेत जात होते. केस पेपर, डॉक्टर, औषधाची खिडकी. एखादी गोळी संपलेली असली, की पुढच्या आठवड्यात परत. आजारी माणूस एकटा जात नाही, घरचा गेला तर त्याची रोजंदारी बुडते, म्हणून ताई जाते. आणि ती रांगेत असताना गृहभेटी होत नाहीत.

देणगीदाराच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. सरकारी सेवेशी जोडल्याने गोळीचे पैसे वाचतात, माणसाचे तास वाचत नाहीत. ते दारातून उठून रांगेत जातात.

यावर एक उपाय अंशतः चालला. बरे झालेले, स्थिर असलेले दोघे जण आता इतरांना सोबत घेऊन जातात, त्यांना दिवसाचे मानधन देतो. त्यातला एक स्वतः तीन वेळा भरती झालेला आहे. रांगेत बसलेल्या नव्या माणसाशी तो जे बोलतो ते आमच्यापैकी कोणालाच जमणार नाही.

याच काळात नऊ जणांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढून घेतले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, हे अनेक घरांना माहीतच नव्हते. त्यातल्या सहा जणांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिना 1500 सुरू झाले. हा पैसा संस्थेला मिळत नाही, पण घरात आजारी माणसाच्या नावाने काही येते तेव्हा त्याच्या ताटाकडे पाहण्याची नजर बदलते. हे मी स्वतः दोन घरांत पाहिले आहे.

मार्च 2024 ला कुठे होतो

वर्षाचे उत्पन्न 21 लाख. फाउंडेशनचे 9, न्यासाचे 3, जुन्या आणि नव्या देणग्या मिळून 9. महिन्याचे 550 देणारे 64 जण झाले होते, त्यातले 51 वर्षअखेरीस टिकून होते. वस्त्या तीनाऐवजी दोन. पाठपुराव्यात 140 ऐवजी 104 माणसे. सरकारी ओपीडीशी जोडलेल्या 31 पैकी 24 जण औषधे घेत होते, सात जण सुटले. त्या सातांपैकी एकाला पुन्हा भरती करावे लागले. मनोसामाजिक कार्यकर्ती गेल्यावर त्याच्याकडे सहा आठवडे कोणी गेले नव्हते. कापलेले 30 टक्के पगार फेब्रुवारीत दिले, सोडून गेलेल्या कार्यकर्तीलाही. गंगाजळी 1 लाखावर आली.

फाउंडेशनने दुसऱ्या वर्षी करार पुढे चालवला. त्यांच्या अहवालात 'सहा महिन्यांनी संपर्कात' हा रकाना कायम राहिला.

वेगळे काय करता आले असते

ताईंना जानेवारीतच सांगायला हवे होते. त्या घाबरतील ही आमची समजूत होती. बंद होणारे कारखाने, उठणारे हातगाडे, तुटणारी घरे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिली आहेत. दहा आठवडे मिळाले असते तर तिसऱ्या वस्तीतल्या प्रत्येक घराची ओळख दुसऱ्या कोणाशी तरी करून देता आली असती. आता नियम केला आहे: कोणत्याही निधीबद्दल शंका आली, की त्याच महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवायची.

कोणताही एक देणगीदार 40 टक्क्यांच्या वर जाऊ नये हे 2020 च्या धक्क्यानंतरच ठरवायला हवे होते. तेव्हा 20 लाख मिळाल्याचा आनंद एवढा होता की मी हिशेबात ते प्रमाण पाहिले आणि पुढचे पान उलटले.

माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू दिली. आता प्रत्येक तीव्र आजारी व्यक्तीकडे महिन्यातून एकदा दोघींनी मिळून जायचे असते. त्यात वेळ दुप्पट जातो, आणि तो वेळही कोणीतरी दिलेल्या 550 मधूनच येतो.

महापालिकेकडे आम्ही उशिरा गेलो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या 5 टक्के निधीतून मानसिक आजारांच्या वस्ती पातळीवरच्या कामाला काही मिळावे, असे निवेदन 2024 मध्ये दिले. दोन बैठका झाल्या आहेत. अर्थसंकल्पाची मांडणी सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पुन्हा जायचे ठरले आहे.

पर्वतीच्या पायथ्याची वस्ती पुन्हा सुरू झालेली नाही. येरवड्यातली एक ताई महिन्यातल्या एका शनिवारी तिकडे जाते, जुनी वही सोबत नेते. 27 पैकी 18 जण तिला भेटले. नऊ जणांची घरे बंद आहेत किंवा तिथे दुसरे भाडेकरू आले आहेत.